वाचक विचारतात : केटूचा बॉटलनेक

प्रश्न : केटू (८,६११ मीटर) एव्हरेस्टपेक्षा बुटका. तरी तो जास्त अवघड का मानतात?

उत्तर : उंची नको, चढ बघा. नेहमीच्या अब्रुझी धारेवर पायथ्यापासून थेट ‘खांद्या’पर्यंत, म्हणजे शिखराखालच्या सौम्य उताराच्या बर्फाळ भागापर्यंत, धड सपाटी मिळत नाही. सुमारे ६,६०० मीटरवर हाउस चिमणी, म्हणजे कड्यातली उभी अरुंद भेग, लागते. अमेरिकी गिर्यारोहक बिल हाउसने १९३८ साली ती पहिल्यांदा सर केली. आता तिथे जुन्या-नव्या दोरांचा गुंता लोंबतो आणि दमलेला माणूस हाताला येईल तो ओढतो. उन्हाने कुजलेला दोर ओळखता यायलाच हवा. वर ब्लॅक पिरॅमिड या काळ्या खडकाच्या टप्प्यावर पुढच्यांच्या पायांखालून दगड सुटतात.

खरी मेख ८,२०० मीटरच्या आसपास आहे. बॉटलनेक ही पन्नास-साठ अंशांची अरुंद बर्फाळ घळ. तिच्या डोक्यावर सेरॅक, म्हणजे हिमनदीचा तुटू पाहणारा कडा. घळ संपली की त्याच्याच पायथ्यातून डावीकडे ट्रॅव्हर्स मारायचा, म्हणजे आडवं सरकायचं, आणि उतरताना पुन्हा तेच. सेरॅक कधी कोसळेल याचा अंदाज बांधता येत नाही. त्याच्याखाली कमीत कमी वेळ काढणं एवढंच हातात.

प्रश्न : २००८ साली नेमकं काय बिघडलं?

उत्तर : सुरुवात दोरांपासून झाली. १ ऑगस्टला ते घळीच्या बरेच खालीच, सोप्या उतारावर लावले गेले आणि वर कमी पडले. खालचे सोडवून वर नेण्यात तास गेले. तरीही बरेचजण मागे फिरले नाहीत. संध्याकाळी शिखरावर पोचले. अंधार पडल्यावर सेरॅकचा तुकडा तुटला आणि दोर घेऊन गेला. वरचे लोक बिनदोराचे अडकले. दोन दिवसांत अकराजण दगावले. आमच्या मते परतायची वेळ तंबूतच ठरवावी. आठ हजार मीटरवर विरळ हवेत डोकं नीट चालत नाही, तिथे मेंदूचा कौल घेऊ नये.

प्रश्न : १९५४ मध्ये इटालियनांनी केटू पहिल्यांदा सर केला, त्याआधी कोणी जवळ पोचलं होतं का?

उत्तर : हो. जुलै १९३९ मध्ये अमेरिकी मोहिमेचा नेता फ्रिट्झ विसनर आणि शेर्पा पासांग दावा लामा कृत्रिम ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,३७० मीटरपर्यंत गेले. त्यांनी घळ टाळून डावीकडचा खडक धरला होता. संध्याकाळ झाली; विसनरला रात्रभर चढायचं होतं, पासांगने नकार दिला. उतरताना पासांगच्या पाठीवरचे क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) निसटून दरीत गेले. पुढच्या प्रयत्नात ते घळीकडे वळले, तर बर्फ टणक. क्रॅम्पॉन नसल्याने शेकडो पायऱ्या खोदाव्या लागल्या असत्या. ते परतले.