मार्चमध्ये नवराबायकोने चार दिवस निवांत जावं असं ठिकाण कोणतं? चित्रं, चांगलं जेवण आणि निसर्ग हवा, गर्दी नको.

सावंतवाडीला जा. आणि चारही रात्री मुक्काम तिथेच ठेवा, एवढा माझा आग्रह आहे. त्याआधी एकदा मी आणि नवरा मालवण, तारकर्ली, पणजी असं तीन दिवसांत उरकून आलो होतो. दमून घरी पोचलो आणि आठवत होतं ते फक्त सामान भरणं. सावंतवाडीत मोती तलावाजवळ खोली घेतली आणि बॅगा हलवल्याच नाहीत.

तलावासमोरच राजवाडा आहे. तिथे गंजिफा रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात. हाताने रंगवलेले गोल पत्ते, वर लाखेचा लेप. दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. ही कला जवळजवळ विझली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती 1970च्या दशकात पुन्हा उभी केली. आम्ही गेलो तेव्हा एक बाई मत्स्यावताराचे खवले रंगवत होत्या. नवरा पाऊण तास तिथून हलला नाही. त्या बाईंनीच सांगितलं की दिवसा खेळलं तर ज्याच्या हाती रामाच्या पत्त्यांतला राजा तो सुरुवात करतो, रात्री खेळलं तर कृष्णाचा. नंतर चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडाचीच रंगीत फळं बघत फिरा, पण राजवाड्यावर घाई करू नका.

एक सकाळ पिंगुळीसाठी ठेवा. कुडाळच्या थोडं अलीकडे, सावंतवाडीहून वीसेक किलोमीटर. ठाकर समाजाची चित्रकथी इथली. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगायचे, अशी ही परंपरा. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या अगदी जवळून बघता येतात. सादरीकरण बघायचं असेल तर आधी विचारून जा. आयत्या वेळी सगळे कलाकार हजर असतीलच असं नाही, आणि नुसती चित्रं बघणं वेगळं, ती गाण्यातून उलगडताना बघणं वेगळं.

जेवणासाठी मार्च का, तर ओले काजू. बाजारात बायका ते शेकड्याच्या हिशेबाने विकतात. सालीचा चीक हाताला भाजतो, त्यामुळे सोलण्याची मेहनत केवढी असते ते त्यांची बोटं बघून कळतं. भाव फार ताणू नका. ओल्या काजूची उसळ आणि गरम घावणे मिळाले की त्या दिवशी मासे नसले तरी चालतील. आमच्या खानावळीतल्या मावशी ताट रिकामं व्हायच्या आत विचारायच्या, “आजून एक घावणो व्हयो?” नको म्हणणं मला एकदाही जमलं नाही. एखाद्या सकाळी शिरवळे आणि नारळाचा रस मिळाला तर सोडू नका. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी कुठेही चांगलीच.

निसर्गाबद्दल मात्र खरं सांगते. आंबोलीचे धबधबे मार्चमध्ये आटलेले असतात, त्यासाठी जाऊ नका. घाटातली सकाळची गार हवा आणि हिरण्यकेशीचा उगम यांसाठी जा. वाटेत पांगारा आणि सावर लाल फुललेली असते, काजूच्या बागांतून बोंडांचा आंबूस-गोड वास येतो. दुपारी ऊन आणि दमट हवा सोसत नाही, तेव्हा खोलीवर झोपा. संध्याकाळी वेंगुर्ल्याला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर जाऊन बसा.

तुतारी एक्सप्रेस दादरहून थेट सावंतवाडी रोडला येते. स्टेशनवरून गावात रिक्षाने जा. तारखा शिमग्याच्या आसपास असतील तर तिकीट फार आधी काढा, चाकरमानी गावाला येतात.

गंजिफाचा पूर्ण संच महाग असतो, पण आम्ही घेतलाच. आता जेवणं आटोपली की सासूबाईंना तिसरा भिडू करून खेळतो. रात्र असते, म्हणून सुरुवात कृष्णाची.