तार ओढतात, खेचतात की काढतात?

प्रश्न असा आहे: पितळेची तार हल्ली कारखान्यात यंत्रावर तयार होते, मग ‘तार ओढणे’ हा हातकामाच्या काळातला शब्दप्रयोग कशाला? सरळ ‘तार बनवणे’ का म्हणू नये? आणि ‘खेचणे’, ‘काढणे’ यांचे काय?

माझे उत्तर: ‘ओढणे’च ठेवावे. यंत्र आले तरी क्रिया ओढण्याचीच राहिली आहे.

तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून ओतलेली जाड सळई घेतात. थंड अवस्थेत ओढायच्या पितळेत जस्त साधारण ३५ ते ३७ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. त्यापुढे धातू कडक होत जातो. सळईचे टोक निमुळते करून ते डायच्या छिद्रातून पलीकडे काढतात आणि फिरत्या ढोलाला पकडवतात. डाय म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा, बारीक तारेसाठी हिऱ्याचा, छिद्र असलेला ठोकळा. छिद्र तोंडाशी पसरट, आत उतरते आणि मग थोडा भाग सरळ असते. त्या सरळ भागात तारेची जाडी ठरते. ढोल फिरतो, तार ओढली जाते. धातू कुठेही कापला जात नाही. तारेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ जितक्या पटीने घटते, तितक्या पटीने लांबी वाढते. ८ मिलिमीटरची १ मीटर सळई ०.२५ मिलिमीटरपर्यंत ओढली, तर १,०२४ मीटर तार होते. म्हणूनच ओळीने डाय लावलेल्या यंत्रात पुढचा प्रत्येक ढोल आधीच्यापेक्षा जास्त वेगाने फिरवावा लागतो.

क्रियापदाचा खरा कस एका खेपेला किती बारीक करता येते, यात लागतो. ओढण्याचा सगळा ताण डायमधून बाहेर पडलेल्या बारीक तारेवर येतो. तो तिच्या ताकदीपलीकडे गेला की ती तिथेच ताणून तुटते. घर्षण शून्य आणि ओढताना धातू कडक होत नाही असे धरून गणित केले, तरी एका खेपेला छेदाचे क्षेत्रफळ ६३ टक्क्यांहून जास्त घटवता येत नाही. प्रत्यक्षात २० टक्क्यांच्या आसपास थांबतात. त्या हिशेबाने वरच्या ०.२५ मिलिमीटरच्या तारेला साधारण ३१ छिद्रे पार करावी लागतात. शिवाय ओढून ओढून पितळ ताठर होते. मध्ये भट्टीत तापवून ते नरम करावे लागते. ही मर्यादा ओढण्यातूनच आलेली आहे. तापलेला गोळा मागून दाबून साच्यातून सळई काढतात, तिथे हा नियम लागू नाही. ‘बनवणे’ म्हटले की हा फरकच पुसला जातो.

‘खेचणे’ मला पटत नाही. मराठीत खेचण्यात हिसका असतो, आणि हिसका बसला की तार तुटते. यंत्राला हवी ती एकसारखी ओढ. हिंदीत ‘तार खींचना’ रूढ आहे, तिथून ते आपल्याकडे सहज येते. ‘काढणे’ चूक नाही, मात्र ते फळ सांगते. ‘सळईतून तार काढली’ हे ठीक, पण ती कशी काढली ते ‘ओढून’ या शब्दातच येते.

जुने शब्दही हीच साक्ष देतात. ‘तारकस’ म्हणजे तार ओढणारा. त्यातला ‘कस’ फारसी ‘कशीदन’चा, अर्थ ओढणे. ‘कशिदा’ त्याच घरातला. पारिभाषिक ‘तारकर्षण’मध्ये संस्कृत ‘कृष्’ आहे, त्याचाही अर्थ ओढणे. शाळेच्या पुस्तकातली ‘तन्यता’ ‘तन्’ म्हणजे ताणणे यावरून आली, ‘तंतू’ही त्याच धातूचा. सोनाराची छिद्रांची पट्टी म्हणजे ‘जंतर’, ‘यंत्र’चेच घासलेले रूप. म्हणजे ‘यंत्रावर तार ओढणे’ हा प्रयोग कारखान्यांच्या आधीपासून मराठीत बसलेला आहे, आणि ‘पितळेची तार यंत्रावर ओढतात’ हे वाक्य बिनदिक्कत लिहावे.