व्हिडिओ लावला की लॅपटॉपचा पंखा घोंघावतो. ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करावं का?

नाही. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे व्हिडिओसारखी जड कामं प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर (जीपीयू) टाकायची सोय. ती बंद असेल तर आधी चालू करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की आठव्या पिढीचा इंटेल आय-५ आहे, यूट्यूबवर १०८०पी लावलं की पंखा बोंबलतो, आणि ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन तो एक स्विच बंद करा, सगळं ठीक होईल. हा 'कुणीतरी' प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडे तर मशिन्स सांभाळण्याचं काम त्याच्याचकडे होतं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आमच्याकडे काही लॅपटॉपवर डिस्प्ले ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) जुनाट होता. स्क्रोल करताना ब्राउझरच्या खिडकीत काळे चौकोन यायचे. या सीनियर साहेबांनी हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं, चौकोन गेले. इथवर ठीक. मग त्यांनी तेच पॉलिसी म्हणून, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारी सेटिंग म्हणून, सगळ्या ऑफिसच्या मशिन्सना लावलं. रोग रेड्याला, औषध पखालीला. नंतर ऑनलाइन ट्रेनिंग सुरू झालं, रोज व्हिडिओ, आणि सगळा मजला पंख्यांच्या आवाजाने भरून गेला. तक्रार केली की ठरलेलं उत्तर यायचं: 'लॅपटॉप जुने झालेत, आणि तुम्ही टॅब किती उघडता ते बघा.'

माझ्याकडे सातव्या पिढीचा इंटेल होता. मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर गेलो. तिथे छोटे छोटे आलेख असतात, त्यांतला एक 'व्हिडिओ डिकोड'चा, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचा. व्हिडिओ चालू, प्रोसेसर साठ-सत्तर टक्क्यांवर, आणि हा आलेख मात्र तळाला सरळ रेघ. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' काढलं, कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत) ओळीत व्हीपी०९, म्हणजे व्हीपी९. आता, सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हीपी९ उलगडणारं सर्किट चिपमध्येच आहे, जास्त रंगछटांच्या १०-बिट व्हिडिओसकट. मग ते झोपलंय का? सेटिंगमध्ये गेलो तर स्विच बंद, आणि त्याला हातही लावता येईना. क्रोम://पॉलिसी उघडल्यावर नाव सापडलं: हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेशन-मोड-एनेबल्ड, किंमत फॉल्स.

हे घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, 'अहो, जीपीयू गेमिंगसाठी असतो. व्हिडिओला त्याचं काय काम?'

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे सांगतो. व्हिडिओ उलगडायचं काम जीपीयूचे गेमिंगवाले कोअर करतच नाहीत. त्याच चिपवर एक वेगळा ठोकळा असतो, फक्त याच कामासाठी कोरलेला. इंटेलने २०११ मध्ये सँडी ब्रिजसोबत तो क्विक सिंक नावाने आणला, एनव्हिडियाच्या ठोकळ्याला एनव्हीडेक म्हणतात, एएमडीच्या हल्लीच्या ठोकळ्याला व्हीसीएन. विंडोजवर ब्राउझर डायरेक्टएक्समधून त्याच्याशी बोलतो, मॅकवर व्हिडिओटूलबॉक्समधून, लिनक्सवर बहुतेक व्हीए-एपीआयमधून. जे काम करताना प्रोसेसरचे सगळे कोअर घामाघूम होतात, ते हा ठोकळा अगदी थोड्या विजेत उरकतो. वर तो स्विच फक्त व्हिडिओचा नाहीच. तो बंद केला की पान रंगवणं, थर एकावर एक बसवणं, व्हिडिओचा आकार बदलणं, सगळंच प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. म्हणजे पंखा थांबवायला निघालात आणि काम वाढवून बसलात.

साहेबांना पटलं नाही. मग मी एका नव्या सहकाऱ्याचा लॅपटॉप मागून घेतला. मॉडेल तेच, फक्त पॉलिसी अजून त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवले, एकच व्हिडिओ लावला. त्याच्याकडे डिकोडचा आलेख वर, प्रोसेसर निवांत, पंखा गप्प. माझा नेहमीसारखा. साहेबांनी दोन्ही स्क्रीन नीट बघितल्या आणि म्हणाले, 'तो नुकताच फॉरमॅट केलाय ना, म्हणून हलका चालतोय.' पुढे कधीतरी ती पॉलिसी गुपचूप निघाली. मेल नाही, काही नाही. एके दिवशी स्विच मोकळा दिसला.

तर तुमचं. आठव्या पिढीत एच.२६४ (जुना कोडेक) आणि व्हीपी९ दोन्ही हार्डवेअरवर चालतात, एव्ही१ (त्यांच्यानंतरचा नवा कोडेक) चालत नाही. इंटेलमध्ये एव्ही१ अकराव्या पिढीपासून, २०२० मध्ये आलं. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या ३० मालिकेत आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मध्येही आलं. (६४०० आणि ६५०० एक्सटी सोडून. त्या दोघांतून एएमडीने ते का काढलं ते त्यांनाच विचारा.) मॅकवर थेट एम३ चिपमध्ये, २०२३. ड्रायव्हर कितीही अपडेट करा, चिपमध्ये कोरलेलं नाही ते येत नाही. म्हणून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये एव्ही०१ दिसत असेल तर तुमचा चोर तिथेच आहे: यूट्यूब एव्ही१ पाठवतंय आणि प्रोसेसर ते हाताने सोडवतोय. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिगमध्ये जाऊन मीडिया.एव्ही१.एनेबल्ड फॉल्स करा, व्हीपी९ यायला लागेल. क्रोममध्ये त्यासाठी एक्स्टेंशन घ्यावं लागतं. एच.२६४ सक्तीचं करणारी एक्स्टेंशनही आहेत, पण मग यूट्यूबवर १०८०पीच्या वर जाता येणार नाही. तुम्हाला तेवढंच हवंय, म्हणून चालेल.

आणि क्रोम://जीपीयूवर 'व्हिडिओ डिकोड' पुढे हिरवी अक्षरं दिसली म्हणून खूश होऊ नका. साहेबही मला तेच पान दाखवायचे, पॉलिसी काढल्यानंतर अर्थात. ती ओळ एवढंच सांगते की सोय चालू आहे. कुठले कोडेक चालतात याची यादी त्याच पानावर खाली असते. खरं काय चाललंय ते क्रोम://मीडिया-इंटर्नल्समध्ये कळतं: व्हिडिओ चालू असताना डिकोडरचं नाव बघा. डी३डी११ असेल तर हार्डवेअर. एफएफएमपेग, व्हीपीएक्स किंवा डेव्हिड असेल तर तुमचा प्रोसेसर राबतोय.

लिनक्स टाकू का, असंही विचारलंय. पंख्यासाठी टाकणार असाल तर नको. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये इंटेलवर हार्डवेअर डिकोडिंगची सोय आपोआप चालू झाली ती २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीपासून. त्याआधी कॉन्फिगमध्ये हात घालायला लागायचा. क्रोमचं लिनक्सवर फ्लॅग (लपलेली सेटिंग) लावा, आवृत्ती बदलली की पुन्हा शोधा, असं बरीच वर्षं चाललं. फेडोराने (लिनक्सचा एक प्रकार) तर २०२२ मध्ये पेटंटच्या भीतीने एएमडीवाल्यांच्या मेसा ड्रायव्हरमधून एच.२६४ चं हार्डवेअर डिकोडिंगच काढून टाकलं, ते बाहेरच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या भांडारातून) आणावं लागतं. टाकलंच तर आधी व्हीएइन्फो ही कमांड चालवून हार्डवेअरवर कुठले कोडेक चालतात ती यादी बघा.

आता साहेबांच्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. व्हिडिओ हिरवा पडत असेल, खिडकी लुकलुकत असेल, तर तो स्विच बंद करून बघणं ही चांगली तपासणी आहे. बंद केल्यावर त्रास गेला म्हणजे दोष ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर बदला आणि स्विच परत चालू करा. तपासणीला उपचार समजून सगळ्या ऑफिसला लावायचं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. एएमडीच्या मशिनवर टास्क मॅनेजरमधला डिकोडचा आलेख 'व्हिडिओ कोडेक' नावाने दिसू शकतो, शोधत बसू नका. ६० फ्रेमच्या व्हिडिओला ३० च्या जवळपास दुप्पट काम पडतं, म्हणून तपासताना दोन्ही वेळा एकच व्हिडिओ लावा. आणि डिकोडचा आलेख हलतोय, प्रोसेसर निवांत आहे, तरी पंखा थांबत नसेल, तर लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट बघा.