सत्राअखेरचा परफॉर्मन्स: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: एम.ए.ला सत्राअखेर वीस मिनिटांचा परफॉर्मन्स (नाटक नव्हे, कलाकाराने स्वतः प्रेक्षकांसमोर केलेली कृती) सादर करायचाय, सुरुवात कुठून करू?

विषयापासून नको, कृतीपासून करा. ‘विस्थापन’ हा झाला विषय. ‘दहा किलो तांदूळ मुठीमुठीने एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत नेणे’ ही कृती. काय, कशाने, कुठे, किती वेळ आणि कधी थांबणार, हे पाच ओळींत लिहा. नाटकाकडून आलेले विद्यार्थी शेवटची ओळ हमखास विसरतात. मग काम अंगावर येतं आणि चेहऱ्यावर ओढूनताणून अभिनय सुरू होतो. आधी हिशेब करा: एक मूठ साधारण 40 ग्रॅम धरली, तर दहा किलोला 250 खेपा, म्हणजे खेपेला पाच सेकंदही मिळत नाहीत. दोन किलोला 50 खेपा, प्रत्येकी 24 सेकंद. हे जमतं, आणि चाल शांत राहते.

तैवानमध्ये जन्मलेले परफॉर्मन्स कलाकार तेचिंग श्ये यांचं 1980-81 मधलं काम जरूर अभ्यासा. वर्षभर दर तासाला त्यांनी टाइम क्लॉकवर (कामगारांच्या हजेरीची वेळ कार्डावर छापणाऱ्या घड्याळावर) कार्ड पंच केलं आणि दर वेळी फिल्मची एक फ्रेम टिपली. सुरुवातीलाच डोकं भादरल्यामुळे वाढत्या केसांतून काळ दिसतो. हुकलेल्या 133 वेळाही त्यांनी कारणांसह नोंदवल्या. तुमचाही नियम मोडला तर लपवू नका, नोंदवा.

चित्रीकरणाला एक कॅमेरा तिवईवर, पूर्ण जागा दिसेल असा ठेवा. बरेच डीएसएलआर अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतात, म्हणून प्रेक्षक आत यायच्या वेळी सुरू करू नका, कृतीच्या मिनिटभर आधी करा.

आग किंवा पाणी वापरणार असाल तर विभागाची लेखी परवानगी आधीच घ्या.