‘शोध’ हा शब्द आधी नीट पाहा

ठाण्याहून एका सव्वीस वर्षांच्या मुलीनं विचारलं आहे: “मी पूजा करत नाही, कुठल्या बैठकीला किंवा सत्संगाला जात नाही, गुरू केलेला नाही. तरी गेली तीन वर्षं पहाटे गच्चीवर गप्प बसते, तुकोबा वाचते, विमला ठकार वाचते. आत कशाचा तरी शोध चालू आहे. आई नातेवाइकांना सांगते, ‘ही अध्यात्माला लागली.’ मैत्रिणी म्हणतात, ‘तू अध्यात्मिक आहेस.’ मला दोन्ही टोचतं. बरोबर शब्द कोणता? आणि माझ्यासारखीला मराठीत म्हणावं तरी काय?”

आधी ‘अध्यात्मिक’चा निकाल लावू, कारण हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. ‘इक’ प्रत्यय लागला की मूळ शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. समाज–सामाजिक, दिन–दैनिक, भूगोल–भौगोलिक. तसंच अध्यात्म–आध्यात्मिक. ‘समाजिक कार्यकर्ता’ असं कुठं दिसलं तर आपण चपापतो. ‘अध्यात्मिक शिबिर’ मात्र फलकावर, पत्रिकेत, बातमीत बिनदिक्कत चालतं. पाणिनीच्या परंपरेत या शब्दगटाला ‘अध्यात्मादि’ असं नाव देऊन प्रत्ययाची वेगळी सोय केलेली आहे. वैयाकरणांनी मुद्दाम जपलेल्या शब्दाचाच काना आपण हरवला. मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. एका पुस्तकात हा काना मी चाळीसहून अधिक ठिकाणी घातला, आणि प्रकाशकानं ‘लोक असंच लिहितात’ म्हणून तो सगळीकडून काढला. ते पुस्तक अजून विकलं जातं आणि मला अजून त्रास होतो.

‘आध्यात्मिकता’ हेही शक्यतो टाळा. ‘अध्यात्म’ हे नाम हाताशी असताना त्याचं विशेषण करायचं आणि त्याला ‘ता’ लावून पुन्हा नाम करायचं, हा द्राविडी प्राणायाम केवळ ‘स्पिरिच्युअ‍ॅलिटी’ला जोडीदार हवा म्हणून चालतो.

तुमच्या आईचं ‘लागली’ मात्र अस्सल मराठी आहे. माणूस कामाला लागतो, मार्गाला लागतो. नादाला लागतो, व्यसनालाही लागतो. आईंच्या मनात यातलं कुठलं ‘लागणं’ आहे ते त्यांच्या स्वरावरून तुम्हालाच कळत असणार. पण अध्यात्माला हे क्रियापद शोभत नाही. अधि + आत्मन्, म्हणजे आत्म्याच्या ठायी, आत्म्यासंबंधी. गीतेनं तर तीनच शब्दांत सांगून टाकलं: ‘स्वभावोऽध्यात्ममुच्यते’ (८.३). भाष्यकारांनी या स्वभावाचा अर्थ खूप खोल नेला आहे, तरी शब्द ‘स्वभाव’ हाच आहे. स्वभावाला कोणी लागत नसतं.

आता ‘आत्मा’ म्हणजे श्वास, जर्मन ‘आट्मेन’ म्हणजे श्वास घेणं, लॅटिन ‘स्पिरितुस’ म्हणजेही श्वास, म्हणून सगळं एकच, असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. आत्मा आणि आट्मेन यांचं नातं भाषाशास्त्रज्ञ मानतात, मीही मानतो. स्पिरितुसची धातू निराळी आहे, तिला या घरात ओढू नये. वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काचं मत मात्र वेगळं: ‘आत्मा अततेर्वा आप्तेर्वा’. एक तर अत् म्हणजे सतत चालत राहणं, नाही तर आप् म्हणजे व्यापणं, पोचणं. यास्काला ‘ओढूनताणून व्युत्पत्ती जुळवणारा’ म्हणून हसण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मुळीच पसंत नाही. शब्दाचा जन्म सांगण्यात तो चुकला असेल. लोक त्या शब्दात काय ऐकत होते हे त्याच्याइतकं जवळून सांगणारा दुसरा कोण आहे?

पण खरी मौज तुमच्याच पत्रात आहे. ‘कशाचा तरी शोध चालू आहे’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. या ‘शोध’ शब्दाकडे कधी थांबून पाहिलं आहे का?

धातू शुध्. तिचा संस्कृतातला पहिला अर्थ स्वच्छ होणं. आयुर्वेदात शोधन म्हणजे शरीरातले दोष बाहेर काढणं, रसशास्त्रात पाऱ्याचं शोधन म्हणजे त्यातला मळ घालवणं, ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडून मोकळं होणं. मग मराठीत शोधणं म्हणजे हुडकणं कसं झालं? काही संस्कृतप्रेमी याला मराठीचा अपभ्रष्ट अर्थ म्हणतात. ‘संशोधन’ म्हणजे खरं तर दुरुस्ती, मराठीनं उगाच त्याचा ‘नवं शोधून काढणं’ असा अर्थ केला, असंही ऐकवतात, आणि हिंदीतलं ‘संविधान संशोधन’ पुराव्याला आणतात. हिंदीवाले दुरुस्तीला संशोधन म्हणतात हे खरं. आपण तिथं ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो आणि संशोधन प्रयोगशाळेत, दप्तरखान्यात करतो. पण म्हणून मराठी चुकली हे कसं?

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं चौथं अधिकरण उघडा. त्याचं नाव ‘कण्टकशोधन’. राज्यातले काटे म्हणजे ठग, लबाड कारागीर, खोटी नाणी पाडणारे, चोर. त्यांचं शोधन प्रदेष्टा नावाच्या अधिकाऱ्यांनी करायचं. हे शोधन करायचं म्हणजे आधी काटा हुडकायला हवा. हुडकल्याशिवाय काढणार काय? इथं साफ करणं आणि हुडकणं एकमेकांपासून सुटं करता येत नाही. मराठीनं नवीन काही केलं नाही. जे आत होतं ते वर आणलं.

हे मला पुस्तकातून कळलं त्याच्या कितीतरी आधी हातांना कळलं होतं. मुद्रितशोधक काय करतो? खिळ्यांच्या काळातलं ओलसर गॅली प्रूफ समोर घ्यायचं, ओळीवर बोट ठेवायचं, अक्षर अक्षर हुडकायचं. चूक सापडली की ती निघाली. शोधणं संपतं आणि शुद्ध करणं सुरू होतं अशी रेघ तिथं नसते. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचणाऱ्या बाईलाही विचारा, तू खडे शोधते आहेस की तांदूळ स्वच्छ करते आहेस? माझं पक्कं मत आहे की मराठीतला ‘शोध’ हा सुपातला आणि पोथीतला आहे, रानात शिकारीमागं धावणाऱ्याचा नाही. शिकारी जे जवळ नाही त्याच्यामागं जातो. निवडणारी जे हातात आहे त्यातलं नको ते बाजूला सारते.

म्हणून तुकोबांचा ‘वेद अनंत बोलिला, अर्थ इतुकाचि शोधिला’ हा चरण मला फार प्रिय आहे. अनंतातून निवडून निवडून एवढंच ठेवलं. काहीजण ‘साधिला’ म्हणतात. म्हणोत, मला ते पटत नाही. ‘अनंत’ आणि ‘इतुका’ यांच्या मधे सूप पाहिजे, आणि ते ‘शोधिला’मध्येच आहे.

शुध्ची मराठीतली लेकरं इथंच संपत नाहीत. आपण म्हणतो, ‘त्याची शुद्ध हरपली’, ‘ती शुद्धीवर आली’, ‘बेशुद्ध पडला’. इथं शुद्ध म्हणजे जाणीव. हिंदीतली ‘सुध’ हिचीच बहीण. तिला ‘सुधी’शी, म्हणजे चांगल्या बुद्धीशी, जोडणाऱ्यांनी शुद्धि–शुद्ध–सुध ही साखळी एकदा शांतपणे पाहावी, मग सुधीची गरज उरत नाही. आणि जुन्या मराठीत ‘शुद्धी’ म्हणजे चक्क तपास, पत्ता, वार्ता. मारुती लंकेला गेला तो ‘सीताशुद्धी’साठी. पुढं त्याच सीतेला त्याच लंकेत अग्निशुद्धीला सामोरं जावं लागलं. एकाच कथेत एकाच बाईसाठी हा शब्द दोनदा येतो: एकदा तिला शोधायला कोणीतरी समुद्र ओलांडतं, आणि एकदा ती स्वच्छ आहे का हे तपासायला लोक भोवती उभे राहतात. मला या जागी दर वेळी थबकायला होतं.

म्हणजे स्वच्छ होणं, हुडकणं आणि जाग येणं हे तिन्ही अर्थ मराठीनं एका धातूच्या पोटी ठेवले. तुम्ही पहाटे गच्चीवर बसून यातलं काय करता?

आता मुक्ताबाईकडे येतो, कारण मला सगळं सांगायचं होतं ते तिच्यासाठी. मुक्ताबाई (१२७९–१२९७) अठराच वर्षं जगली, तुमच्यापेक्षाही लहान. वडील संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले म्हणून चौघा भावंडांना गावच्या धर्मानं बाहेर ठेवलं. परंपरा सांगते की त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागायला जावं लागलं. शब्द पाहा: शुद्धिपत्र! पुस्तकाच्या शेवटी आम्ही चुकांची यादी जोडतो तिलाही हेच नाव. चार मुलांचा जन्म हीच चूक, आणि ती दुरुस्त झाल्याचा कागद मोठ्यांनी द्यायचा.

ती संप्रदायाबाहेर होती असं मात्र म्हणू नका, तसं म्हणण्याची हल्ली हौस वाढली आहे. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आलेला नाथपंथ तिच्या घरातच होता. बाहेर होती ती गावाच्या धर्मव्यवस्थेच्या. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा या धाकट्या बहिणीनं दाराशी उभं राहून जे अभंग म्हटले त्यांत हे चरण आहेत:

शुद्ध ज्याचा भाव झाला । दुरी नाही देव त्याला
अवघी साधन हातवटी । मोले मिळत नाही हाटी

आणि पुढं:

कोणी कोणास शिकवावे । सार शोधूनिया घ्यावे

‘शुद्ध’ आणि ‘शोधूनिया’, एकाच अभंगात! आज छापून मिळते ती भाषा पुढच्या पिढ्यांच्या तोंडून घासून आली असेल, ते मला मान्य आहे. पण जिला शुद्धिपत्र मागायला जावं लागलं तिच्या नावावर हे दोन शब्द इतके शेजारी यावेत, हा मला योगायोग वाटत नाही. कागद देणारे ‘शुद्धी’ म्हणत होते ती वाटली जाणारी वस्तू होती. तिनं धातू उचलली आणि तिचं क्रियापद केलं, जे ज्यानं त्यानं स्वतः करायचं असतं. हा माझा तर्क आहे, कोणत्याही कोशात तो नाही, आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

हां, तुम्हाला काय म्हणावं ते राहिलं. ‘साधक’ नको. साध् म्हणजे सिद्धीस नेणं; त्यात साध्य आधी ठरलेलं असतं, आणि आज साधक म्हटलं की पाठोपाठ ‘कुठल्या संस्थेचे?’ हा प्रश्न येतो. ‘मुमुक्षू’ म्हणजे सुटायची इच्छा असलेला. रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशी चढती पायरीच बांधली आहे. तुम्हाला सुटायचं आहे असं पत्रात कुठं दिसलं नाही, मग त्या पायरीवर तुम्हाला कशाला उभं करू? ‘जिज्ञासू’ चांगला शब्द, ब्रह्मसूत्रं त्याच इच्छेनं सुरू होतात आणि गीता (७.१६) त्याला भक्तांत बसवते. पण आजच्या मराठीत जिज्ञासू म्हणजे प्रश्न विचारणारा शाळकरी मुलगा.

तुम्ही विमला ठकार वाचता म्हणून आणखी एक. त्या विनोबांच्या भूदानात वर्षानुवर्षं पायी फिरल्या, तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींची भेट झाल्यावर चळवळीतून बाहेर पडल्या, पुढं राजस्थानात माउंट अबूला राहिल्या आणि २००९ साली तिथंच गेल्या. लोक ऐकायला जमत, तरी त्यांनी कोणाचं गुरुपद घेतलं नाही. कृष्णमूर्तींनी तर १९२९ साली हॉलंडमधल्या ओमेनला स्वतःभोवती उभारलेली संघटनाच विसर्जित केली. सत्याकडे नेणारी आखलेली वाट नाही, हे त्यांचं कारण. ‘पंथ’ म्हणजे मुळात वाटच, तेव्हा त्यांनी पंथ हा शब्द त्याच्या मूळ अर्थानिशी नाकारला असं म्हणता येईल. अशा माणसांना आपण अजून नाव दिलेलं नाही. ‘शोधक’ आहे, तो वापरा. ‘शोधक नजर’ एवढ्यापुरता तो उरला आहे, त्याला बाहेर काढायला तुमच्यासारखीच हवी.

आणि एक काम कराल का? तुमची आई मूळची कुठली ते कळवा. ‘शुद्धी’ म्हणजे तपास किंवा खबर, हा जुना अर्थ कोकणात, गोव्यात किंवा देशावर कुणा आजीच्या बोलण्यात, जात्यावरच्या ओवीत अजून असेल असं मला वाटत आलं आहे. त्यांना विचारून पाहा. ओवी मिळाली तर जशीच्या तशी लिहून घ्या. र्‍हस्वदीर्घ मी पाहीन, तुम्ही सुधारू नका.