सी प्लस प्लस कच्चं असताना हस्तलिखित नोट्सच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरला मदत करता येईल का?

नक्की येईल. तुम्ही लिहिलंय की पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पेन टॅब्लेटवर झर्नल प्लस प्लस (Xournal++) हे हस्तलिखित नोट्सचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरता. मग कोड नंतर, आधी टेस्टिंग करा. तिथे माणसं कायम कमी पडतात.

आणि मराठीतच लिहून बघा. आपली अक्षरं या सॉफ्टवेअरची चांगली परीक्षा घेतात. अनुस्वार म्हणजे पेनाचा नुसता एक ठिपका. तो उमटतो की चुकून लागलेला स्पर्श समजून गाळला जातो? आकार ओळखणारं टूल चालू असताना शिरोरेषेचं काय होतं? काही बिघडलं तर आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, टॅब्लेटचं मॉडेल आणि नेमक्या पायऱ्या लिहून गिटहबवर, म्हणजे या सॉफ्टवेअरचा कोड आणि तक्रारी जिथे असतात त्या साइटवर, कळवा. त्याआधी तीच तक्रार कुणी केली आहे का, ते मात्र शोधा. अशी नीट लिहिलेली एक तक्रार डेव्हलपरचे तास वाचवते, हे मी मनापासून सांगतो.

मेनूचं भाषांतर क्राउडिन या भाषांतराच्या साइटवर होतं, त्याला कोडिंग लागत नाही.

कोड सी प्लस प्लस या भाषेत आहे आणि खिडक्या, बटणं दाखवण्यासाठी जीटीके ही तयार कोडची लायब्ररी वापरतो. सुट्टीत तो लिनक्सवर स्वतः बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करा, आणि एखादी छोटी चूक दुरुस्त करायला घ्या.