मंडळाच्या अहवालाला पार्श्वभूमी देताना

पहिल्यांदाच वर्डमध्ये अहवाल करतोयस, फार छान! सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळ, बाकी जमेल.

पानामागचा रंग 'डिझाइन'मधल्या 'पेज कलर'मधून येतो आणि सगळ्याच पानांना लागतो. पण स्क्रीनवर दिसला म्हणजे कागदावर उतरेलच असं नाही. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'डिस्प्ले'मध्ये जाऊन पार्श्वभूमीचे रंग छापायच्या चौकटीत टिक कर. ती राहिली म्हणून गिरगावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून मी ५० पांढऱ्याफटक प्रती घेऊन आलो होतो, तेही गणपती दोन दिवसांवर असताना. तेव्हा आधी एकच पान काढून बघ.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बाप्पाचा फोटो 'पेज कलर'मधून भरतात. फोटो लहान असला की लाद्यांसारखा पानभर पुन्हा पुन्हा उमटतो. त्यापेक्षा 'कस्टम वॉटरमार्क'मध्ये 'पिक्चर' निवड आणि 'वॉशआउट' चालू ठेव, फोटो फिका होऊन अक्षरांच्या मागे जातो.
- गडद केशरीवर काळी अक्षरं. वर्गणीदारांची यादी चाळीतल्या आजोबांनाही वाचता आली पाहिजे रे! फिका पिवळा घे.

कडेला पांढरी पट्टी राहिली तर चूक तुझी नाही, साधा प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाही. ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग), टेक्स्चर (कापड-कागदासारखा पोत) पुढच्या वर्षी शिकवतो.